जिन्याखालची गोणी

पाऊस लागला की ठाण्याहून लेकीचा फोन येतो. माझी चौकशी दोन वाक्यांत उरकते, मग तिच्या मांजरीची सविस्तर. एरवी ही मांजर खाली सोसायटीच्या बागेत जाऊन आपलं आपण निपटून येते. पावसाळ्यात मात्र बाईसाहेब पाऊल ओलं करत नाहीत. मग घरात ट्रे, ट्रेमध्ये माती, आणि ती माती पाकिटातली, विकतची. परवा लेक म्हणाली, "बाबा, पाकिटावर 'पर्यावरणपूरक' लिहिलं की किंमत वाढते. तेवढ्या पैशांत मी महिनाभर बासमती खाल्ला असता. पेणला होतात तेव्हा तुमच्याकडे मांजर होती ना? तेव्हा तुम्ही काय वापरायचात?"

कुणी माझा सल्ला मागितला की मी फुलतो. तसं क्वचितच होतं. "लिहून घे," मी म्हणालो, आणि सांगत सुटलो. नदीची वाळू, बंबातली राख, वखारीतला भुसा, भातगिरणीतलं तूस. प्रत्येकाचे गुण, प्रत्येकाचे दोष. लेकीने खरंच लिहून घेतलं असावं, कारण मध्ये मध्ये "हं, पुढे" येत होतं. शेवटी तिने विचारलं, "आणखी काही?"

खिडकीतून दिसणाऱ्या रोह्याच्या कुंडलिका नदीवर आभाळ अगदी खाली उतरलं होतं. मी तिकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "नाही. एवढंच."

पाचवी वस्तू होती. सगळ्यांत उत्तम तीच होती. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि आज सांगायला बसलोय ते अंगात मोठं धैर्य आलं म्हणून नव्हे. आपल्या मूर्खपणाच्या गोष्टी सांगून चारचौघांना हसवायची मला जुनी सवय. लग्नात चुकीच्या मांडवात जाऊन जेवलो ती गोष्ट, साहेबांच्या सासऱ्यांना वॉचमन समजून सायकल सांभाळायला दिली ती गोष्ट. साठ्यातल्या सगळ्या सांगून झाल्या. ही एक उरली. हिच्यावर हसायचं की नाही, हे मात्र मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी रोह्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो आणि सुनंदा, माझी बायको, पेणच्या एका शाळेत शिक्षिका. तिची नोकरी कायम झालेली, माझी व्हायची होती, म्हणून घर तिच्या गावात आणि एस.टी.चा पास माझ्या खिशात. रोज पेण, गडब, नागोठणे, रोहा, आणि संध्याकाळी तेच उलटं. आंबा नदीला पाणी चढलं की नागोठण्याला गाड्या उभ्या राहायच्या आणि आम्ही प्रवासी खिडकीतून नदीकडे असं रागाने बघायचो की जणू तीच लेट आली आहे.

घर म्हणजे तात्यांच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या. तात्या घरमालक आणि मूर्तिकार. खाली सगळा त्यांचा गणपतीचा कारखाना. पेणमध्ये पावसाळ्याचा वास नुसत्या पावसाचा नसतो. ओल्या शाडूचा थंड वास, रंगाचा तिखट वास, मूर्ती सुकवायला ठेवलेल्या शेगड्यांमधल्या कोळशाचा वास आणि पेंढ्याचा वास, हे सगळं जिन्यावरून वर चढून आमच्या आमटीत मिसळायचं. सकाळी दात घासायला खाली उतरावं तर दोन्ही बाजूंना फळ्यांवर पांढरे, बिनडोळ्यांचे गणपती रांगेने बसलेले. डोळे अजून लिहायचे असायचे. मला ते बरं वाटायचं. सकाळच्या अवतारात मला कुणी बघू नये असंच माझं मत होतं.

मांजर माझ्यामुळे आली, हे आधीच कबूल करतो. कंपनीच्या कँटीनमागे जन्मलेली, करड्या रंगाची. कामगार जेवत असताना ती मधोमध बसून प्रत्येकाच्या ताटात लक्ष घालायची म्हणून तिचं नाव पडलं फोरमन. मे महिन्यात तिला मी कापडी पिशवीत घालून एस.टी.त बसलो. गडबच्या पुढे पिशवी ओरडली. कंडक्टरने विचारलं, "काय हाय पिशवीत?"

"डबा," मी म्हणालो.

"डब्याला अर्धं तिकीट लागंल," तो म्हणाला, आणि खरंच फाडलं.

जूनपर्यंत फोरमन मागच्या परड्यात जायची. पाऊस सुरू झाला आणि तिने दारात उभं राहून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आत वळून थेट सुनंदाच्या शाळेच्या वह्यांवर जाऊन बसली. कुठल्या कामासाठी, ते सांगत नाही. इयत्ता सहावीच्या चाचणीचे ते गठ्ठे होते.

"हिची सोय करा," सुनंदा म्हणाली, "नाहीतर तुमची करते."

त्यानंतरचे दोन महिने मी संशोधनात घालवले. भोगावती नदीच्या काठची वाळू आणली, पण पावसात कोरडी वाळू मिळणार कुठून? ओली वाळू पहिल्या दिवसापासूनच वापरल्यासारखी दिसायची. मग बंबातली राख. राखेने वास छान मरतो, पण फोरमनची पावलं घरभर उमटायला लागली. पलंगावर, पाटावर, एकदा पोळीवर. मग रोह्याच्या वखारीतून भुसा आणला. तो तिच्या शेपटीत अडकायचा आणि ती शेपटी आमच्या ताटांवरून फिरायची. शेवटी गडबच्या भातगिरणीतून पोतंभर तूस आणलं. फुकट, हलकं, स्वच्छ, आणि सुनंदाने पंखा लावला त्या क्षणी दोन्ही खोल्यांमध्ये सुगी झाली.

माझा हा सगळा व्याप कंपनीत सर्वांना ठाऊक होता. एके दिवशी मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर मला स्टोअरच्या खिडकीशी भेटला आणि रुमालातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. "आमच्या बंगल्यावरच्या मांजरीच्या घमेल्यातला माल. मुंबईवरनं येतो. डब्यावरची किंमत वाचाल तर चक्कर येईल." मी ते चोळून बघितलं. करडे, सुके, छोटे खडे. थुंकी लावली तर चिकट गोळा झाला.

माती! साहेब मातीला पैसे मोजत होते. आणि तीच माती आमच्या जिन्याखाली गोणी भरभरून पडली होती.

हे सांगायला हवं की तेव्हा मी स्वतःला पर्यावरणाचा जाणकार समजत होतो. कंपनीने त्या वर्षी 'टाकाऊतून टिकाऊ' या विषयावर निबंधस्पर्धा ठेवली होती आणि मला दुसरं बक्षीस मिळालं होतं. प्लास्टिकची बादली. त्या बादलीमुळे डोक्यात वारं शिरलं होतं. तात्यांच्या जिन्याखाली शाडूचे सुके तुकडे पडलेले असत. साच्यातून फुटून निघालेले कान, हात, मोदक, पाटाचे कोपरे. मला तो कचरा वाटला. मी गोणीभर उचलून वर नेला, वरवंट्याने ठेचला आणि फोरमनच्या घमेल्यात पसरला.

फोरमन त्यात उतरली, तिने उकरलं, बसली, झाकलं आणि एखाद्या संतुष्ट गिऱ्हाइकासारखी बाहेर आली. जिथे ओलं झालं तिथे गोळा. गोळा उचलला की खालची माती कोरडी. पायाला काही चिकटेना, वास येईना, पंख्याने उडेना.

"तात्यांना विचारलंत?" सुनंदा म्हणाली.

"कचऱ्याचं काय विचारायचं?"

"कचरा आहे हे त्यांना विचारलंत का, असं विचारतेय मी."

मी व्यवसायाची स्वप्नं बघत होतो. पेणची माती, मुंबईची मांजरं, आणि मध्ये मी.

पण खरा शहाणपणा पुढचा. टाकाऊतून टिकाऊ! वापरलेली माती टाकायची कशाला? मी गोळे काढायचो, उरलेली चाळायचो, गॅलरीत पसरून सुकवायचो आणि पुन्हा गोणीत भरायचो. गॅलरीत पाऊस येऊ लागला तेव्हा ती गोणी मी जिन्याखाली नेऊन ठेवली. कोरडी जागा तेवढीच होती. तात्यांच्या गोण्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच, त्याच सुतळीने बांधलेली. दिवसभर कंपनीत मी प्रत्येक गोणीवर चिठ्ठी लावायचो. काय माल, किती, कुणाचा, कधी आला. चिठ्ठी नसलेली गोणी मी स्टोअरच्या दारातून आत घेत नसे. त्या गोणीवर मी चिठ्ठी लावली नाही.

आता पार्वतीबाईंबद्दल. खरं तर पहिल्या ओळीपासून मी त्यांच्याबद्दलच सांगायला हवं होतं. मांजरीच्या आडून चाललोय, कारण मांजरीचं सांगायला सोपं जातं.

पार्वतीबाई खाडीकडच्या गावातून यायच्या. चाळिशीच्या, उंच, काटक. उन्हाळ्यात मिठागरावर आणि पावसाळ्यात तात्यांच्या मातीत. मिठागराच्या वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून अशी करावी लागते की तिच्यातून पाणी झिरपू नये आणि मीठही मातकट होऊ नये. "तितं पाय शिकले माजे," त्या म्हणायच्या. शाडू भिजवून, काथ्या घालून, त्या एकट्या तुडवायच्या. टाचेने दाबत, बोटांनी चाचपत, खडा लागला की वाकून काढत. माती तयार झाली की नाही हे तात्या हाताने बघत नसत. पार्वतीबाईंना विचारत.

आणि मातीत उतरण्याआधी त्या पाय धुवायच्या. तीनदा. नळावर एकदा, उंबऱ्याशी एकदा आणि मातीच्या हौदाच्या कडेला तांब्याने एकदा. मग वाकून मातीला हात लावायचा, कपाळाला लावायचा आणि पदर खोचून उतरायचं. मी रोज जिन्यावरून बघायचो. वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. घर, शेत, नवरा यांबद्दल त्या फारसं बोलत नसत. पण "माज्या पायाखालची माती देवघरात जाते" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दोनदा तरी ऐकलं आहे.

जिन्याखालचे सुके तुकडे कचरा नव्हते, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं. शाडू महाग, त्याचा कणही कुणी टाकत नाही. फुटलेला माल हंगामाच्या शेवटच्या मातीत भिजवतात आणि त्यातून उशिरा आलेल्या ऑर्डरी काढतात. श्रावण अर्धा सरला होता. बाकीच्या मूर्ती रंगात गेल्या होत्या. ही शेवटची माती तात्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी, वर्षानुवर्षं शाडूचीच मूर्ती नेणाऱ्या घरांसाठी होती.

त्या रविवारी मी नऊ वाजता गोणी आणायला खाली उतरलो. जिन्याखाली एकही गोणी नव्हती. रिकाम्या गोण्या झटकून दोरीवर टाकलेल्या होत्या आणि हौदात गुडघाभर मातीत पार्वतीबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं "काय भाऊ, सुट्टी?" म्हटलं नाही. एक पाय उचलून त्यांनी टाचेला चिकटलेलं काहीतरी चिमटीत धरून उजेडाकडे नेलं, बघितलं आणि पुन्हा तुडवायला लागल्या.

मी वर आलो आणि चहा मागितला. चहा प्यालो. दुसरा मागितला. तेव्हा बोलायला फक्त जिना उतरायचा होता, बारा पायऱ्या. मी मनाशी म्हणालो, एवढ्या मातीत एका गोणीचं काय कळणार आहे. मग म्हणालो, शेवटी माती ती माती. मग पेपर उघडला.

दुपारी खालून तात्यांचा आवाज आला. अकरा मूर्ती साच्यातून निघाल्या होत्या. बारावी काढताना त्यांनी नाक जवळ नेलं असणार. मी जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. तिथून खालचं ऐकू येतं आणि खालच्यांना आपण दिसत नाही.

"हा वास कसला? पार्वती, इकडे ये. कसला वास आहे हा?"

"काय ठावं, तात्या."

"तू तुडवलीस आणि तुला ठाऊक नाही? पाय धुतले होतेस?"

"तीनदा धुतले."

"धुतले होतेस तर ही घाण आली कुठून? वाटेने काय काय तुडवत येतेस, आणि तेच पाय घेऊन गणपतीच्या मातीत? वीस वर्षं झाली, सांगावं लागतं तुला?"

खाली बारा-तेरा माणसं असतील. कुंचले थांबले होते. पार्वतीबाईंनी पुन्हा एकदा, अगदी हळू, म्हटलं, "तीनदा धुतले, तात्या." मी वळणावर उभा होतो. फोरमन माझ्या पायाला अंग घासत होती.

सुनंदाला मी आपणहून सांगितलं नाही, तिने ओळखलं. मी दुपारचा झोपलो नाही, एवढं तिला पुरलं. सगळं ऐकून ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच म्हटलं, "आत्ता जा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. तात्या विहिरीशी एकटे मिसरी लावत होते. एकटे होते म्हणूनच गेलो, हे लिहून टाकतो.

मी सगळं सांगितलं. तात्यांचं बोट तोंडातच राहिलं. "मांजर?" ते म्हणाले. "गणपतीच्या मातीत?" चूळ भरून ते विहिरीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "बरं झालं बोललात. अकराच्या अकरा मोडतो. सगळी माती टाकतो. ती कुणाच्या घरात गेली नाही, हे महत्त्वाचं."

"आणि पार्वतीबाई?"

"तिचं काय?"

"काल तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर..."

"अहो साहेब," तात्या उठले आणि माझ्या जवळ आले. "आता सगळ्यांना काय सांगू? भाडेकरूच्या मांजरीची घाण मातीत आली? संध्याकाळपर्यंत पेणभर होईल. उद्या नावं ठेवतील कारखान्याला. बाई पाय न धुता आली, माती टाकून दिली, संपलं. एवढ्यावर निभावतंय ना? मग तुम्ही गप्प बसा. मीही गप्प बसतो."

त्या क्षणी मला काय वाटलं, ते लिहिताना आजही हात आखडतो. मला हायसं वाटलं. मी बोललो होतो, ती माती कुणाच्या देवघरात जाणार नव्हती, आणि कुणाला कळणारही नव्हतं. मी पायावर पाणी घेतल्यासारखा मोकळा होऊन साडेसातची गाडी पकडली. गाडीत जागासुद्धा मिळाली.

माती खड्ड्यात गेली. नवी गोणी फोडली. पण नव्या मातीत पार्वतीबाई नव्हत्या. आदल्या दिवशी एवढं बोलून दुसऱ्या दिवशी त्यांनाच उतरवलं तर लोक विचारतील, असा तात्यांचा हिशोब असावा. त्यांना रंगाच्या वाट्या धुवायला बसवलं. पगार तोच. नळाजवळ, भिंतीकडे तोंड करून त्या बसायच्या. मातीत त्यांच्याऐवजी दोघेजण उतरले आणि तरीही ती गुठळ्यांचीच राहिली.

आणि मग तो विनोद सुरू झाला. बबन म्हणून एक रंगारी होता, हात सोन्याचा आणि जीभ मोकाट. पार्वतीबाई वाट्या घेऊन आल्या की तो म्हणायचा, "पार्वतीबाय, पाय धुतलंस का गो?" सगळे हसायचे. चहा आला की, "चहाला वास कसला? पाय घातलास काय?" पुन्हा हशा. त्यात वैर नव्हतं. कारखान्यात दिवसभर मान मोडून बसणारी माणसं, त्यांना तोंडी लावायला काहीतरी लागतं. आठवड्याभरात तो विनोद राहिला नाही, सवय झाली. रामराम म्हणावं तसं.

एका संध्याकाळी मी कामावरून भिजून आलो, छत्री झटकत दारात उभा होतो. बबनने त्यांना तेच विचारलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय साहेब, खरं ना?"

मी हसलो.

मी खूप वेळा आठवून बघितलं आहे की ते हसू नुसतं ओठांवरचं होतं की आवाज आला होता. आवाज आला होता. पार्वतीबाईंच्या हातातली वाटी तेवढ्यापुरती थांबली आणि पुन्हा फिरू लागली.

माणसाची लाज मोठ्या गोष्टीत असते असं मला वाटायचं. चोरी, फसवणूक, असलं काही. गोणीची चूक मूर्खपणाची होती. ती मी चारचौघांत रंगवून सांगू शकलो असतो, लोक पोट धरून हसले असते. जिन्याच्या वळणावर उभा राहिलो, तो भित्रेपणा. भित्रेपणालाही माफी मिळते. पण त्या हसण्याचं काय करायचं? त्यात मला काही वाचवायचं नव्हतं. कुणी माझ्यावर संशय घेत नव्हतं. नुसतं सगळे हसत होते आणि एकट्याने न हसणं जरा अवघड वाटलं, एवढंच.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखाना रिकामा झाला. शेवटचे टेम्पो निघून गेले. फळ्यांवर पेंढा, जमिनीवर रंगाचे ठिपके, आणि इतकी मोकळी जागा की बोललं की घुमायचं. तात्यांनी सगळ्यांना पगार, नारळ आणि बायकांना पातळं दिली होती. पार्वतीबाई छत्री आणि पिशवी घेऊन निघाल्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो होतो. त्या थांबल्या.

"भाऊ, मांजरीला आता काय घालता?"

पावसाचा आवाज होता, पण ऐकू आलं नाही असं म्हणता येण्याजोगा नव्हता.

"तूस," मी म्हणालो.

"तूस बरा," त्या म्हणाल्या. "मातीत केस राहतात. करडे केस. टाचेला लागतात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पायाला काय नाय कलत?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी सहावीतला मुलगा आहे आणि सोपं गणित चुकलो आहे. "मी बोलले असते तं कोनी मानला असता? म्हनाले असते, सोताची चूक साहेबांवर ढकलते. तुमी बोलला असता तं मानला असता. म्हनून वाट बघली."

"मी सांगितलं होतं," मी घाईघाईने म्हणालो. "तात्यांना. दुसऱ्याच दिवशी."

"तात्यांना?" त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "बोलनी तात्यांनी खाल्ली काय? मी खाल्ली. सगल्यांपुढं."

"उद्या सांगतो. सगळ्यांसमोर. शपथ."

"उद्या कोन हाय हितं, भाऊ? सगली आपापल्या घरी गनपतीला. कारखाना आता दिवालीनंतर उघडंल." त्या उंबरा उतरल्या, छत्री उघडली आणि मागे न बघता म्हणाल्या, "उघडंल तवा सांगा मंग. मी हाय."

आवाजात राग नव्हता. मला मुदत दिली होती त्यांनी.

दिवाळीच्या आधीच माझी नोकरी कायम झाली आणि रोह्याला कंपनीची खोली मिळाली. सुनंदाने बदली मागून घेतली, तीही मिळाली. सामान टेम्पोत चढवताना मला आपलं नशीब फार जोरावर आहे असं वाटलं. फोरमन या वेळी पिशवीत नव्हती, मानाने टोपलीत बसून आली. रोह्याला अंगण होतं, आडोसा होता. तिची सोय कायमची लागली. माझीही, असं मी समजत होतो.

पुढच्या वर्षी आषाढ लागला. घरात ओल आली आणि मला त्या ओलीला शाडूचा वास येऊ लागला. सुनंदाला येत नव्हता. मला भिंतीला येत होता, उशीला येत होता. जेवताना मी हात थांबवून हुंगायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "रविवारी पेणला जाऊन या. सांगतो म्हणून त्यांना शब्द दिला होतात ना? मग सांगून या."

गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. सुरुवात विनोदाने करायची, माझी ती हातखंडा पद्धत. मांजरीच्या अर्ध्या तिकिटापासून. सगळे हसायला लागले की मग गोणीवर यायचं, मग त्यांच्याकडे हात करून मूळ वाक्य बोलायचं. नागोठण्याच्या पुलापर्यंत ते अगदी पाठ झालं.

स्टँडवर उतरून मी कारखान्याच्या कोपऱ्यापर्यंत आलो. मोठा पाऊस होता, छत्रीच्या काठावरून धार लागली होती. तात्यांच्या दारात तेव्हा मातीचा दिवस होता. पार्वतीबाईंना पुन्हा मातीत घेतलं होतं. दाराबाहेरच्या नळावर त्या पाय धूत होत्या, आणि आत, उंबऱ्याशी, फळ्यांच्या मध्ये, सगळा कारखाना काम थांबवून बघत होता. पंधरा तरी माणसं असतील. दोन-तीन चेहरे नवे, तेही हसत होते. बबन कुंचला वर धरून मोजत होता. "एक!" त्या पुढे सरकून उंबऱ्याशी आल्या, पाणी ओतलं. "दोन!" हौदाशी गेल्या, तांब्या वाकवला. "तीन!" टाळ्या पडल्या. पार्वतीबाईही हसल्या. जसं हसायचं असतं तसंच. मग वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि उतरल्या.

मी कोपऱ्यावर उभा होतो. वीस पावलं. मला कुणी बघितलं नव्हतं.

रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून स्टँडजवळ पोह्याचे पापड घेतले आणि मिळाली ती गाडी पकडली.

दार उघडताच सुनंदाने विचारलं, "सांगितलंत?"

मी पापडांचं पुडकं तिच्या हातात दिलं.

"कारखान्यात फार माणसं होती अगं," मी म्हणालो.